जुन्या डोमेनवरची नावं

माझ्या नातीचं बारसं झालं, त्या वर्षी माझा मुलगा सर्वेश आमच्या मुलुंडच्या घरातूनच ऑफिसचं काम करायचा. एका मंगळवारी त्याने ऑफिसचा सर्व्हर नव्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या नव्या पत्त्यावर हलवला आणि सकाळपासून कुणाचंच लॉगिन होईना. संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही, तर त्याची नोकरी जाणार होती.

पडद्यावर त्याच्या ऑफिसातला एकटा हेन्री तेवढा आत दिसत होता, तोही जुन्या डोमेनवर.

दुपारी सर्वेशने ऑफिसात फोन लावला. "हेन्रीला बाहेर पड म्हणावं रे. त्याच्यामुळे सगळं अडकलंय."

"हेन्री आज आलाच नाही. आणि जुन्या सर्व्हरची तर वायरच काढून ठेवलीय, यार."

सर्वेशने फोन ठेवला. मग त्याने हेन्रीच्या नावावर माउसचा बाण नेला.

"जा रे बाबा आता."

"असं कुणाला जा म्हणू नये," मी म्हणाले. "ये म्हणावं."

"आई, माणूस नाहीये गं तो. नुसतं नाव आहे."

त्याने नाव काढून टाकायचं बटण दाबलं. हेन्रीचं नाव गेलं आणि सगळ्यांचं लॉगिन होऊ लागलं. सर्वेश हसला, पण लगेच थांबला. जुन्या डोमेनवर आणखी एक नाव आलं होतं.

"हा तर मीच," तो म्हणाला. "पण मी तिथे नाहीये, आई."

मी त्याचा हात माउसवरून काढून घट्ट धरला. तरी बाण हलला आणि त्या नावावर जाऊन थांबला. मग ते नावही गेलं.

हेन्री त्या मंगळवारी दुपारी कुर्ल्याला, त्याच्या घरी वारला. माझा सर्वेश बुधवारी.