तिसरा नॉब

दुपारची गिऱ्हाइकं उठली आणि हॉटेलमालकानं जुन्या ग्रिलचे पाचही नॉब उपसून टेबलावर वर्तमानपत्रावर मांडले. एकावरही खूण शिल्लक नव्हती. चालू कुठे, बंद कुठे, मोठी आच कुठे, सगळं त्याच्या आत्याच्या बोटांनी तीस वर्षांत पुसून टाकलं होतं. तिला खुणांची गरज कधी पडलीच नाही. पण उद्यापासून नवा आचारी येणार होता, आणि मी काय अंदाजानं फिरवत बसू का, असं त्यानं पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं.

आत्या शेजारच्या टेबलावर चमचे पुसत होती. उद्यापासून तिनं एवढंच करायचं होतं. चमचे पुसायचे, आलेल्यांना या बसा म्हणायचं, ग्रिलला हात लावायचा नाही. तिच्या हातून गॅस दोनदा चालू राहिला होता, दोन्ही वेळा दुपारच्या सुट्टीत, दोन्ही वेळा तिसरा बर्नर. पहिल्या वेळी ती भाच्याशी कडाकडा भांडली, मी या माझ्या हातानं बंद केला म्हणून. दुसऱ्या वेळी तिला स्वतःचीच खात्री वाटेना. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या विसरायची, मग वार, मग घरातली माणसं.

दुसऱ्या वेळेपासून महिनाभर दुपारचा सिलिंडर भाचा स्वतः जाऊन बंद करत होता. तिला दिसू नये म्हणून तिथं काहीतरी शोधल्याचं नाटक करायचा. तिला अर्थातच दिसत होतं.

त्यानं नॉब साबणाच्या पाण्यात धुतले, पॉलिश पेपरनं घासले, काळ्या रंगाचा एक हात दिला आणि वाळल्यावर बारीक ब्रशनं प्रत्येकावर पांढरी रेघ ओढली. हात तसा बरा होता त्याचा. तिसऱ्याला मात्र चीर गेली होती, त्याच्या जागी दुकानातून नवाच आणला होता. जुना फेकायच्या आधी त्यानं सहज उलटा करून बघितला. दांडी बसते त्या भोकात एक चंदेरी कागद होता, घडी घातलेला आणि झिजून गुळगुळीत झालेला.

कागद त्याचाच होता. अडीच महिन्यांपूर्वी नॉब ढिला झाला तेव्हा, नवा आणायला आता कोण जातंय, असं म्हणून त्यानं सिगरेटच्या पाकिटातला कागद आत कोंबला होता. नॉब घट्ट बसला आणि तो ती गोष्ट साफ विसरून गेला.

त्यानं जुना नॉब दांडीवर परत बसवला, बर्नर पेटवला आणि बंद केला. नॉब पार शेवटपर्यंत फिरला. जाळीखाली मात्र करंगळीच्या नखाएवढी निळी आच राहिली, तीही वाकून बघितलं म्हणून दिसली. दारातून झुळूक आली की ती विझणार आणि गॅस येत राहणार, हे कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. त्यानं पाच वेळा करून बघितलं. दोन वेळा गुळगुळीत कागदावर सरकून नॉब पुढे गेला आणि दांडी मागेच राहिली. त्या दोन दुपारी वास आल्यावर त्यानं सिलिंडर बंद केला होता, खिडक्या उघडल्या होत्या आणि आत्याकडे बघितलं होतं. नॉबकडे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

नवा नॉब बसवून जुना कचऱ्यात टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. हा विचार त्याच्या मनात आला आणि चांगला मिनिटभर राहिला. मग त्यानं हाक मारली.

"आत्या, जरा इकडे ये."

त्यानं तिच्यासमोर तेच पुन्हा करून दाखवलं. तिनं वाकून ती आच बघितली. नॉब हातात घेऊन कागद बाहेर ओढला, नाकाशी नेला. तो कुठल्या पाकिटातला हे तिला बरोब्बर कळलं. एरवी त्यावरून तासभर ऐकवलं असतं.

"म्हणजे मी बंद केला होता?"

"केला होतास. दोन्ही वेळा. हा कागद मी घातलाय, आत्या. चूक माझी आहे."

आत्या मटकन स्टुलावर बसली. भाच्याला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. निघायलाच हवी होती. पण तिचा जीव असा भांड्यात पडला होता की रागाला तिथं जागाच उरली नव्हती. ती हसायला लागली आणि हसता हसता चमचे पुसायच्या फडक्यानंच डोळे पुसू लागली.

"एवढ्याशा कागदापायी मला वेड्यात काढलंत, मालक," ती म्हणाली.

भाच्यानं तिच्यासमोरच आचाऱ्याला फोन लावून येऊ नका म्हणून सांगितलं. पलीकडून बरंच काही ऐकावं लागलं, ते त्यानं मुकाट ऐकून घेतलं. तेवढ्यात आत्यानं नवा नॉब बसवला. पेटवला, बंद केला, पुन्हा पेटवला, पुन्हा बंद केला. दर वेळी वाकून जाळीखाली बघितलं. आच पूर्ण विझत होती.

आता ती संध्याकाळच्या तयारीला लागेल, असं भाच्याला वाटलं. तिनं एप्रन खुंटीला अडकवला, फ्रिजमधून दुधाची एक पिशवी घेतली आणि आजची संध्याकाळ तूच सांभाळ म्हणाली.

"रागावलीस का?"

"नाही रे. घरी जाऊन चहा करायचाय." ती दारात थांबली. "महिना झाला, घरचा गॅस पेटवायला हात धजत नव्हता. आज दोनदा करणार आहे."