वनदेवीचा झगा

"बाई, माझ्या नावाची पट्टी आज तरी शिवाल ना?" कृत्तिकाने विचारलं.

पोशाख शिवणाऱ्या मालिनीबाईंनी सुयांची डबी पुढे ओढली. बॅले कंपनीत झगा नव्या नर्तिकेकडे गेला, की आत जुन्या नावाखाली तिच्या नावाची पट्टी शिवायची रीत होती. वनदेवीच्या झग्यात शेवटचं नाव त्यांच्या लेकीचं, शर्वरीचं होतं. गुडघा निकामी झाल्यापासून ती घरीच होती. "होईल बरी," म्हणत बाई तालमीपासून चालढकल करत होत्या.

आज दौऱ्याचा पहिला प्रयोग. त्यांनी सुईत दोरा ओवला, झगा उलटा केला.

शर्वरीच्या नावाखाली कृत्तिकाचं नाव आधीच शिवलेलं होतं.

दौऱ्याची पेटी काल घरी शर्वरीने भरली होती. टाके तिचेच होते, बारीक, दुहेरी. आईला उसवता येऊ नयेत इतके घट्ट.