घालून दाखवलेलं कडं

कडं पडलं आणि धाकटीच्या हातातला माउस घामाने निसटला.

सकाळपासून कॉम्प्युटरवरच्या खेळात तिची जादूगारीण एका गुहेत दगडी राक्षसाला आगीचे गोळे मारत होती. राक्षस मरायचा, थोड्या वेळाने पुन्हा उठायचा. मरताना काहीबाही टाकून जायचा. फुटकी ढाल, औषधाची बाटली, चार नाणी. आगीची विद्या धाकटीने महिनोन्महिने घासून शेवटच्या पायरीला नेली होती, ती या एका कड्यासाठी. खेळातल्या निम्म्या लोकांनी ते नुसतं ऐकलेलं होतं. 'घुबड' नावाचा एक खेळाडू त्याचे खरे पैसे द्यायला तयार होता, आणि त्या पैशांत एका खोलीचं डिपॉझिट निघत होतं. बहिणीच्या नवऱ्याच्या घरातून सुटायचा तिला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

तिने घुबडाला निरोप टाकला आणि जादूगारणीला खेळातल्या बाजारात नेऊन उभं केलं. तेवढ्यात मागून खुर्चीच्या पाठीवर हात पडला.

"ऊठ," दाजी म्हणाला. तोंडावर ती त्याला अहो-जाहो करायची. मनातल्या मनात नाही.

दाजी दागिन्यांच्या दुकानात विक्रेता होता. आज दुकान बंद, म्हणून दिवसभर घरात याच्या त्याच्या कुरापती काढत फिरत होता.

"माझं ठरलंय त्याच्याशी, दाजी. मी करते ना."

"तू कोण ठरवणारी? खातं कुणाच्या नावावर आहे? कॉम्प्युटर कुणाचा? लाइटबिल काय तुझा बाप भरतो?"

तिचा बाप म्हणजे ताईचाही बाप. ताई दारात कपड्यांच्या घड्या घालत उभी होती. तिने एक चादर संपवली आणि दुसरी घेतली.

"आणि पैसे?" धाकटीने विचारलं.

"माझ्याकडे येतील. इतके दिवस पोसतोय ते काय फुकट? वर खोली बघायला चाललीस. सगळं कानावर आलंय माझ्या."

खोलीचं फक्त ताईला माहीत होतं. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, तर ताईने चादरीत तोंड लपवावं तशी मान खाली घातली. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली.

दाजी ऐसपैस बसला. पडद्यावर घुबड आला होता. त्याने एकच शब्द लिहिला होता, 'दाखव.'

"बघ आणि शीक जरा," दाजी म्हणाला. "माल डबीत ठेवून कधी विकला जात नाही. मनगटात घालून दाखवायचा. मग गिऱ्हाइकाचा जीव त्यात अडकतो."

इथे असं कुणी करत नाही. कड्याचं नुसतं चित्र पाठवतात. धाकटीने तोंड उघडलं.

"मध्ये बोलायचं नाही. एक अक्षर नको."

तिने तोंड मिटलं.

दाजीने कड्यावर क्लिक करून 'घाला' दाबलं. पडद्यावर पाटी आली. एकदा घातलं की हे कडं कायमचं या पात्राचं होईल. ते विकता किंवा दुसऱ्याला देता येणार नाही. नक्की घालायचं?

"असल्या पाट्या आमच्या दुकानातही आहेत," दाजी हसला. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही म्हणे. रोज परत घेतो."

कडं शाबूत राहिलं असतं, तर रडून-भांडून थोडे तरी पैसे तिच्या हाती लागले असते. हे तिला चांगलं कळत होतं. तरी ती गप्प राहिली. दाजीने 'हो' दाबलं.

जादूगारणीच्या मनगटात कडं लखलखलं. घुबडाने लिहिलं, 'घातलंस? डोकं फिरलंय का?' आणि तो नाहीसा झाला.

"कुठे गेला हा?"

"गेला तो. आता कुणीच घेणार नाही."

"काढ ते."

"काढता येतं. विकता येत नाही. पाटीवर तेच लिहिलं होतं."

दाजीची मान लाल झाली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"अगं, मग सांगायचं नाही का?" ताई दारातून ओरडली. "तुझंही नुकसान झालं त्यात!"

"झालं," धाकटी म्हणाली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. उलट बरं वाटत होतं, आणि इतकं बरं वाटतंय याचीच तिला जरा भीती वाटली.

दाजीने उठून खुर्ची तिच्या अंगावर ढकलली. "बस इथे. दुसरं पाड. पडेपर्यंत जागची हललीस तर बघ."

तिने खुंटीवरची पर्स काढून खांद्याला लावली. "कडं तुम्ही घातलंय, दाजी. आता तुम्हीच खेळा."

"कुठे निघालीस?" ताईने विचारलं.

ते तिलाही माहीत नव्हतं. चपला चढवताना आतून खुर्ची ओढल्याचा आणि बटणं बडवल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिलं. दाजीला खेळात वळायचं कसं ते ठाऊक नव्हतं. ते लखलखतं कडं घालून जादूगारीण बाजाराच्या भिंतीला नाक लावून चालत होती, आणि तिथल्या तिथेच होती.