मार्सेल सरांचा पत्ता

“सर, नकाशात तुमच्या घरात कुणीच राहत नाही,” केनी फोनवर म्हणाला.

“मग हा बोलतोय कोण?” मार्सेल सरांनी विचारलं. “मी पलंगावर उभा आहे. पाणी पलंगाला लागलंय. तुझी पोरं तराफ्यावरून समोरून गेली आणि मला हात हलवून पुढे निघून गेली.”

पाऊस आणि भरती एकाच दुपारी आल्या होत्या आणि गास गावाच्या खालच्या वाड्या पाण्याखाली जायला लागल्या होत्या. अशा वेळी कुणाकडे आधी धावायचं हे कळावं, म्हणून गावातल्या पोरांनी उन्हाळ्यात घरोघर फिरून माहिती गोळा केली होती. केनी सातिवलीच्या एका कंपनीत नकाशे बनवायचा, तेव्हा ती माहिती नकाशावर चढवायचं काम आपसूक त्याच्याकडे आलं. घरात माणूस एकटं असेल तर लाल ठिपका, दोन किंवा जास्त असतील तर हिरवा, रिकामं घर असेल तर करडा. लाल ठिपक्यांकडे ट्रकच्या ट्यूबांचा तराफा आधी जाणार. मार्सेल सर गावातले सगळ्यात एकटे गृहस्थ. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, सोबतीला एक व्हायोलिन. आणि त्यांचंच घर करडं.

केनीने शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि तक्त्यात सरांचं नाव शोधलं. चूक लगेच सापडली. गावातले घर क्रमांक तिरक्या रेघेचे. सरांचा ७/३. अर्धा तक्ता त्या पोरांतल्या ब्रिटनीने तिच्या लॅपटॉपवर भरला होता, आणि त्या लॅपटॉपने घर क्रमांकांना तारखा समजून टाकलं होतं. अर्धं गाव जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन बसलं होतं. केनीने त्या तारखांचे पुन्हा क्रमांक केले खरे, पण तिचा लॅपटॉप महिना आधी धरायचा आणि केनीचा दिवस. सात-तीनचं तीन-सात झालं. नकाशाने तीन-सात नंबरचं घर शोधलं आणि सरांना इमानेइतबारे तिथे नेऊन ठेवलं.

तीन-सात म्हणजे मटिल्डा मावशींचं घर. त्याही एकट्याच; त्यांची नोंद दुसऱ्या अर्ध्या तक्त्यातली, म्हणून जागेवरच राहिलेली. आता त्यांचा ठिपका हिरवा झाला होता.

“सर, तुम्ही नकाशात मटिल्डा मावशींकडे आहात,” केनी हळूच म्हणाला.

“कुणाकडे?” सरांनी विचारलं.

“त्यांचा ओटा उंच आहे, वर माडी आहे,” केनी घाईने बोलत सुटला. “तराफा पार टोकाला गेलाय, यायला वेळ लागेल. गल्ली ओलांडली की झालं. तुम्ही तिकडे जा.”

“बोलावल्याशिवाय मी कुणाच्या ओट्यावर पाय ठेवत नाही. तुला माहीत आहे. एकट्या बाईच्या घरी तर मुळीच नाही.”

“सर, नकाशाप्रमाणे तुम्ही तिथलेच आहात,” केनी म्हणाला.

सर फोन बंद करायला विसरले. त्यामुळे केनीला पुढचं सगळं ऐकू आलं. पाणी तुडवल्याचा आवाज. डोक्यावरची व्हायोलिनची पेटी कशावर तरी आपटल्याचा आवाज. मग दारावरची थाप.

“नमस्कार,” सरांचा अवघडलेला आवाज आला. “नकाशाप्रमाणे मी इथं राहतो.”

“मग बाहेर का उभे?” मावशी म्हणाल्या. “पाय पुसून आत या.”

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. केनीची लाज मात्र उतरेना. पोहता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आपण कागदावरून पुसून टाकलं होतं, हे त्याला जेवताना आठवायचं, बाइक चालवताना आठवायचं. त्याने घर क्रमांकांचा रकाना पुन्हा हाताने भरला, तारखा होणार नाहीत अशी तजवीज केली आणि ताडून बघायला दारोदार फिरला. आठवड्याने नवा नकाशा छापून तो सरांची माफी मागायला निघाला.

सरांच्या दाराला कुलूप होतं. सर समोर, मटिल्डा मावशींच्या ओट्यावर व्हायोलिनच्या तारा जुळवत बसले होते. दोरीवर मावशींच्या झग्याशेजारी त्यांचे दोन सदरे वाळत होते.

“सर, माझी फार मोठी चूक झाली,” केनी म्हणाला आणि त्याने नकाशा पुढे केला. “आता सगळं बरोबर आहे. हा तुमचा ठिपका, हा मावशींचा. दोन्ही लाल.”

सरांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग व्हायोलिन पेटीत ठेवलं.

“तुला कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?” ते खालच्या आवाजात म्हणाले. “दोन दिवस मी भिंती ओल्या आहेत म्हणून सांगितलं. नंतर नकाशावरच भागवत होतो. आता कुठल्या तोंडाने राहू?”

ते दोरीवरचे सदरे काढायला उठले. केनीला वाटलं, आपण या माणसाला दुसऱ्यांदा बुडवलं.

तेवढ्यात मटिल्डा मावशी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी केनीच्या हातातून नवा नकाशा घेतला, दोन्ही लाल ठिपके नीट बघितले, त्याची घडी घातली आणि ती हलणाऱ्या बाकड्याच्या पायाखाली सारली. मग बाकडं टेकलं का ते दाबून पाहिलं.

“केनी, तुझा पहिला नकाशा चर्चच्या फळ्यावर लागला ना, त्याच रविवारी मी बघितला होता,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात दोन माणसं दाखवली होतीस. मी काही बोलले का?”