डोरकसचा कप

आमच्या बेटावर माणसाने शेवटी वापरलेला कप त्याच्या थडग्यावर फोडून ठेवतात. अख्खा राहिला, तर मेलेलं माणूस घरातल्या आणखी कुणाला बोलावून घेतं.

शनिवारी गुलामीतून सुटलेल्यांच्या थडग्यांवर नावाचे दगड बसवले. अर्सुला आत्याने जपून ठेवलेला निळा कप तिच्या आजीच्या, डोरकसच्या, दगडापाशी ठेवला. अख्खाच.

"आत्या, फोड तो."

"सुटल्यावर तिने स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू आहे ही. मी नाही फोडायची."

"आणि तिने तुला बोलावलं तर?"

"जाईन. तुझ्या हातच्या कॉफीतून तरी सुटेन."

रविवारी चर्च सुटल्यावर आत्याला घरी पोहोचवून मी कप फोडायला गेलो. तो फुटलेला होता. दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले. रात्रीच्या वाऱ्याने सपाट झालेल्या भोवतीच्या वाळूवर एकही पाऊल नव्हतं.

मी एक तुकडा उचलला. नुकताच कुणीतरी हातातून खाली ठेवावा, तसा तो उबदार होता.