पारासमोरचा नळ

नळाला पाणी येऊन तीन आठवडे झाले होते, तरी त्याखालचा ओटा कोरडाच होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या माझ्या विद्यार्थ्यांनी वस्तीतल्या चाळीस घरांची अंतरे मोजून ती जागा ठरवली होती आणि ते गणित मी स्वतः दोनदा तपासले होते. सोमवारी याच आराखड्यावर आणखी सहा वस्त्यांचे काम सुरू होणार होते. मी ओट्याभोवती उगाचच फेऱ्या मारत होतो.

“सर, दाब बरोबर आहे, अंतरही कमीत कमी आहे,” त्या विद्यार्थ्यांपैकी तन्वीर म्हणाला. “चूक सापडत नाही.”

एक बाई हंडा घेऊन लांबच्या विहिरीकडे निघाली होती. मी तिला थांबवून विचारले, “ताई, नळ सोडून इतक्या लांब का जाता?”

तिने समोरच्या पाराकडे नजरेनेच खुणावले. तिथे गावातली वडीलधारी मंडळी बसली होती. “सासरं, थोरलं दीर, समदी दिसभर तिथंच. त्यांच्याम्होरं वाकून हंडा भरायचा व्हय? तुमची पोरं आमच्या दारातनं मोजायची फीत ओढत गेली. इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

ती निघून गेली. फीत गुंडाळता गुंडाळता तन्वीरने विचारले, “सर, हे आम्हाला कोणत्या विषयात शिकवायला हवं होतं?”

“समाजशास्त्रात,” मी म्हणालो. “तो विषय गेल्या वर्षी माझ्याच सूचनेवरून बंद झाला.”