संभाषण कौशल्य

“छंद?” टायपिस्टनं स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं.

“प... प...” मुलीची हनुवटी वर गेली.

“पुस्तकं वाचणं,” शेजारी उभी असलेली आत्या म्हणाली.

टायपिस्टनं ‘वाचन’ असं टाइप केलं. रेझ्युमे करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वाचनाचा छंद असतोच, त्यामुळे तो शब्द त्याच्या बोटांना पाठ होता. मुलगी मात्र मान हलवत राहिली आणि शेवटी अडकलेला शब्द सुटला. “पत्ते.”

“अगं, पत्ते कोणी लिहितं का?” आत्या हसली. “वाचनच राहू द्या हो.”

शाळेतल्या मुलीचा पहिलाच रेझ्युमे, त्यात लिहिण्यासारखं असून असून असणार किती? नाव, पत्ता, शाळा, मार्क, झालं. समोरच्या चष्म्याच्या दुकानात सुट्टीपुरतं मदतीला माणूस हवं होतं. गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवायच्या आणि कोणती शोभते ते सांगायचं. हे ऐकून घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते. सांगायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं म्हटलं की हिचं घोडं तिथंच अडतं. पण मुलगी हट्टाला पेटली, म्हणून आत्या सोबत आली.

आत्या नेहमीच सोबत असायची. डॉक्टरकडे, शाळेत, बसमध्ये, भाचीचं पहिलं अक्षर अडकलं रे अडकलं की उरलेला शब्द आत्याच्या तोंडून बाहेर पडायचा. इतक्या वर्षांत तिचा हात चांगला बसला होता. बहुतेक शब्द बरोबर निघायचे. चुकायचे ते मुलगी मुकाट्यानं सोडून द्यायची.

“बाकी आपलं नेहमीचं टाकतो,” टायपिस्ट म्हणाला. त्यानं एक बटण दाबलं आणि तयार ओळी भराभर खाली उतरल्या. मेहनती. वक्तशीर. संभाषण कौशल्य उत्तम.

मुलीनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे का... का...”

“कायम ठेवा म्हणतेय,” आत्या म्हणाली.

“काढा.”

टायपिस्टनं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “अहो, सगळ्यांच्यात असतं ते. कोणी वाचतसुद्धा नाही.”

“असू दे ना, बाळा,” आत्यानं आवाज खाली आणला. “त्यांना काय कळतंय?”

मुलीनं कीबोर्ड स्वतःकडे ओढला, ती ओळ खोडली आणि तिथं एका बोटानं, सावकाश, दुसरी लिहिली.

मी अडखळत बोलते. वाक्य मीच पूर्ण करते.

मग जरा वर जाऊन तिनं ‘वाचन’ही खोडलं आणि ‘पत्ते’ लिहिलं.

आत्यानं ती ओळ वाचली. परत वाचली. तिला लागलं, अगदी आतपर्यंत लागलं. जिच्यावर एवढा जीव टाकला तिनं परक्या माणसासमोर ‘मीच’ लिहावं? हा टोमणा कोणाला होता ते कळण्याइतकी ती शहाणी होती. पण भांडायची ही जागा नव्हती, म्हणून ती एवढंच म्हणाली, “असं लिहिल्यावर कोण ठेवून घेईल गं तुला?”

प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. टायपिस्टनं तो दोन्ही हातांनी मुलीकडे दिला, आत्याकडे नाही.

चष्म्याच्या दुकानाच्या दाराशी आत्या थांबली. “मी येते ना आत. नुसती उभी राहीन. तोंडातून अवाक्षर काढणार नाही.”

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. हे खरं नाही हे दोघींनाही माहीत होतं.

शेवटी मुलगी एकटीच आत गेली. आत्या काचेबाहेर, फ्रेमच्या रांगांमागे उभी राहिली. चष्मेवाला वयस्क माणूस होता. त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, कागद वाचला, वर पाहून काहीतरी विचारलं. मुलीची हनुवटी वर गेली.

त्यानं काय विचारलं ते आत्याला ऐकू आलं नव्हतं, तरी उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. काचेवर वाफ धरली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. आत चष्मेवाला हाताची घडी घालून स्वस्थ बसला होता. त्याला कसली घाई दिसत नव्हती.

आत्यानं दुकानाकडे पाठ केली. रस्त्यावरून माणसं येत होती, जात होती. पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरून ती त्यांच्याकडे बघत राहिली. मागे वळून बघायचं नाही हे तिला फार जड गेलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं.

“काय म्हणाले?”

“स... स...”

सॉरी म्हणाले. सध्या नको म्हणाले. सांगतो म्हणाले. तिन्ही एकदम आत्याच्या तोंडाशी आले. तिनं ओठ घट्ट मिटले. एक बस आली, थांबली, माणसं उतरली, बस निघून गेली. मुलीची हनुवटी अजून वरच होती आणि आत्या तिच्या तोंडाकडे बघत गप्प उभी होती.

“सोमवारपासून,” मुलगी म्हणाली.

हा शब्द आत्याच्या मनातसुद्धा आला नव्हता.